बेल्मिरोचे हात

मी प्रॉम्प्टर होते.
रंगमंचाच्या पुढच्या कडेला, त्या लाकडी खोक्यात
अठरा वर्षं बसले, मांडीवर संहिता, पायाशी शेगडी,
आणि पोर्तोतले सगळे नट मी घोट्यांवरून ओळखायची.
बेल्मिरो किन्तेलाचे बूट मात्र दर हंगामाला वेगळे.

पहिल्या वर्षी त्यांना सार्डिनचा वास.
मातोझिन्योशच्या कारखान्यात पहाटे चारपासून डबे भरायचा,
रात्री राजपुत्राचा तिसरा मित्र व्हायचा,
आणि राजपुत्र दोन हात लांब उभा राहून
मैत्रीच्या आणाभाका घ्यायचा.

मग गॅसचे मीटर वाचायची नोकरी.
जिने चढता चढता पाठांतर.
नदीकाठच्या एका घराचं दार म्हातारीनं उघडलं, तर हा म्हणाला,
"तुमच्या मुलाला मी मारलं, बाईसाहेब."
नोकरी गेली. म्हातारी मात्र
पुढे प्रत्येक प्रयोगाला आली, पहिल्या रांगेत,
कोण मेलंय ते बघायला.

नंतर अंत्यविधीवाल्यांकडे, शवपेटीला खांदा द्यायला.
तिथे बजावलेलं : रडायचं नाही,
चेहऱ्यावर काही म्हणजे काही आणायचं नाही.
सोळा महिने.
म्हणाला, इतकी अवघड भूमिका
आजवर कुणी दिली नव्हती मला.

(मधे एक लाँड्री काढली होती, मेव्हण्याबरोबर.
तिच्याबद्दल तो बोलत नाही. मीही नाही बोलणार.
माझे साडेतीनशे युरो होते तिच्यात.)

आई म्हणायची, दोन घरचा पाहुणा उपाशी.
बेल्मिरो तर पाच घरचा,
आणि ताटं सगळीकडची विसळून निघायचा.

झेफेरीनो म्हाताऱ्याला दिसेनासं झालं
तेव्हा त्याचं किल्ल्यांचं दुकान यानं चालवायला घेतलं.
फक्त हिवाळ्यापुरतं, म्हणाला.
अकरा हिवाळे झाले.
कानसच्या बारीक भुग्यानं नखांच्या कडा पिवळ्या झाल्या,
मेकअपवाली पोरगी कंटाळून म्हणाली, राहू दे आता, सरदाराचे हात असेच.

आणि छप्पन्नाव्या वर्षी मोठी भूमिका आली. कुलूपवाल्याची.
तिसऱ्या अंकात बायकोनं बंद केलेली पेटी उघडायची होती.
यानं एक तार घातली, कान लावला,
चार सेकंदांत झाकण वर.
दिग्दर्शक ओरडला, असं नाही, दिसलं पाहिजे!
घाम पूस, बोटं थरथरू दे, एकदा तार पाडून घे.
पाडली त्यानं. रोज रात्री, चाळीस प्रयोग,
जी तार आयुष्यात कधी पडली नव्हती ती.
माझ्या नाकासमोर यायची ती घरंगळत.

पेपरात छापून आलं :
किन्तेला चांगले आहेत,
पण हात कुलूपवाल्याचे वाटत नाहीत.

ते कात्रण मशीनच्या वर डकवलंय.
गिऱ्हाईक वाचतं, मग त्याच्या हातांकडे बघतं,
मग किल्ली उजेडात धरून दोनदा तपासतं.

माझं खोकं पुढे उचकटून काढलं.
नटांच्या कानात आता काहीतरी बारीक बसवतात, त्यातून कुणीतरी बोलतं.
बेल्मिरोनं विचारलं, हिशेब येतो का तुला?
नव्हता येत. आता थोडा येतो.

गुरुवारी तो ब्रागाला जाणार आहे,
एका मालिकेत प्रेताची जागा रिकामी झालीय म्हणून.
अनुभव आहे, सांगितलंय त्यानं.

आज मशीन चालू होतं, काउंटरपाशी कुणी बाई उभी होती,
आणि तो पुटपुटत होता जुनंच काहीतरी, तिसऱ्या मित्राचं :
"बंदरावर मी तुझी वाट पाहिली, मित्रा, रात्री —"
थांबला.
विसरलेला नव्हता. अठरा वर्षांत
एकदाही न विसरलेला माणूस तो.
मी वहीतून मान वर न काढता म्हटलं,
"सात."

बाईनं सात युरो काउंटरवर ठेवले.
किल्लीचे चार होतात.
तीन परत केले.