देखसूत

आमच्याकडे सकाळला 'सकाय' म्हणतात,
उद्यालाही 'सकाय'च.
आणि करू म्हणायचं असेल तर 'देखसूत'.
एकाच शब्दात होकार, नकार आणि दुपारची झोप.
वीस वर्षं हा शब्द मी खिशात बाळगला,
पाकिटापेक्षा जड.

धंदा माझा काट्यांचा.
अमळनेरपासून पारोळ्यापर्यंत
वाण्याचे, सोनाराचे, रद्दीवाल्याचे,
भुईकाटा सोडून सगळे.
लोक म्हणतात, देवचंद बडगुजराचा हात लागला
की गुंजेचा फरक राहत नाही.

घरी पत्र्याच्या पेटीत
पोस्टाचं पुस्तक, शेवटची नोंद नोटाबंदीच्या आधीची;
विम्याचा एक कागद, मेलाय की झोपलाय कोण जाणे;
आणि सुकलालनं आणून दिलेला कोरा फॉर्म,
त्यावर यामिनीनं चौथीत असताना बैल काढला.
यामिनी आता बारावीला आहे.
बैल तिथंच उभा.

मे महिन्यात, पारोळ्याला, भर दुपारी
मुरलीशेठचा जुना तराजू उलटा केला.
वजनाच्या पारड्याखाली गूळ चिकटलेला,
काळा, दगडासारखा, त्यात मुंग्यांची पिढी मेलेली.
खरवडून तोलला. अकरा ग्रॅम.
"शेठ, कधीपासून?"
"झाली असतील नऊ वर्षं.
रोज वाटायचं तुम्हाला बोलवावं."
म्हणजे नऊ वर्षं, प्रत्येक गिऱ्हाइकाला,
प्रत्येक पावशेराला, अकरा ग्रॅम फुकट.
शेठ हसले. मीही हसलो.
काम दोन मिनिटांचं होतं,
पैसे घेताना मात्र हात जरा अडखळला.

येताना पोस्टापाशी गाडी आपोआप थांबली,
असं मी कोकिळेला सांगितलं.
खरं म्हणजे दोनदा पुढे नेली होती.
खिडकीवर पाटी: जेवणाची सुट्टी.
काय बरं वाटलं मला!
सुटलो.
मग बाकावर बसलो. पाठीला घाम, बाक तापलेला,
कूलर नुसताच आवाज करत होता.

अडीचला खिडकी उघडली.
कारकून बाई म्हणाल्या, खातं जिवंत आहे,
फक्त वारस बघून घ्या.
वारसाच्या रकान्यात आईचं नाव.
निळी शाई, माझंच अक्षर, बावीस वर्षांचं, गोल गोल.
आईला जाऊन बारा वर्षं झाली.

तेव्हा कळलं, मी आळशी नव्हतो.
म्हणजे होतोच, पण नुसता आळशी नव्हतो.
त्या नावावर रेघ मारायला
पुन्हा एकदा बोरीकाठी जावं लागणार होतं,
आणि मी सकायले, सकायले करत
तिला तेवढ्या एका रकान्यात
जिवंत ठेवलं होतं.

"जुनं रद्द करायला नवा फॉर्म भरा," बाई म्हणाल्या,
"खाडाखोड नको."
मग नुसतं लिहायचं होतं. कोकिळा देवचंद बडगुजर.
जन्मतारीख?
एकवीस वर्षांचा संसार, आणि मला आठवेना.
फोन लावला. तिनं दळण निवडता निवडता सांगितली.
"कशाला पाहिजे?"
"पोस्टात आहे."
पलीकडे सूप थांबलं.
"बरं," ती म्हणाली. एवढंच.
पण फोन तिनं ठेवला नाही, मीही नाही.

दरमहा पाचशेचं खातं उघडलं, सात तारखेचं.
पाचशेनं काय होतं, हे मलाही ठाऊक आहे.
अकरा ग्रॅमनं काय होतं, हे मुरलीशेठला विचारा.

विम्याचा कागद अजून पेटीत आहे.
मंगळवारी जाईन.
मंगळवारी म्हणालो,
सकाय नाही म्हणालो.
बैलाचा फॉर्म फाडणार नाही,
तो आता चालणारही नाही कुठं.
रात्री पेटी लावताना जरा हलकी वाटली,
म्हणून पुन्हा उचलून बघितली.
धंद्याची खोड.
वजन तेवढंच होतं.