काळं बाहेर

राजारामपुरीतून ती पोर आली स्कूटीवर,
पायाशी खोकं, खोक्यात अकरा होल्डर. पाच बाय सात.
लाकूड विलायती, धूळ मात्र अस्सल इथली.
एका सापटीत तर चिमूटभर गुलाल निघाला,
कुठल्या मिरवणुकीचा कोण जाणे.

"काका, पट्ट्या सरकत नाहीत. तेल सोडू?"

तेल तालमीत, बाई. इथं नाही.
इथं थेंब पडला की मखमल पिऊन गप्प बसते,
आणि महिन्याभरानं फिल्मवर श्वास सोडते.
मग नवरीच्या कपाळावर डाग उमटतो
जो कुंकवाचा नसतो.

आधी पट्टी पूर्ण बाहेर. ओढायची नाही, सोडवून घ्यायची,
पापाच्या तिकटीला सदाशिव कातड्यातून आरी काढतो तशी,
न वाकवता.
मग कोरडा ब्रश, मऊ केसांचा. कोपऱ्यातून बाहेर. आत कधीच नाही.
फुंकर नको. फुंकरीत थुंकी असते,
आणि माझ्या फुंकरीत चाळीस वर्षांचा तंबाखू.
रबरी फुगा घे.
उजेड अडवते ती ही मखमल, एवढीशी, ओठांसारखी मिटलेली.
दाबून दाबून बसलीय. दात घासायच्या ब्रशानं उठव तिला.
उंदरानं खाल्लीय तिथं महाद्वार रोडवरून
खणाच्या दुकानातलं बोटभर काळं मखमल आण,
फुकट देतात, माझं नाव सांग.
आता मेणबत्ती. लाईट गेल्यावरची, साधी, पांढरी.
पट्टीच्या कडेवरून एकदाच फिरव
आणि इतकं पूस, की लावलं होतं
हे तुलाच आठवू नये.

तिनं आठ केले. माझ्यापेक्षा बरे.
नववा हातात घेतला आणि थांबली.
"याचं काळं टोक बाहेर आहे."

पांढरं बाहेर म्हणजे कोरी.
काळं बाहेर म्हणजे आत कुणीतरी आहे.

मी पंधराचा होतो. बिनखांबी गणेशापाशी हेर्लेकर तात्यांचा स्टुडिओ.
सकाळी उत्तूरचं जोडपं आलं, हळद ओली,
नवरा फौजेतला, आठ दिवसांच्या रजेवर.
तात्यांनी फोटो घेतला, होल्डर माझ्या हातात दिला,
आणि मी पट्टी उलटवायला विसरलो.
संध्याकाळी मल्हारी पैलवान आला, गदा घेऊन.
तोच होल्डर. तीच फिल्म.
रात्री लाल दिव्याखाली ट्रेमध्ये
आधी गदा वर आली, मग नथ, मग
मल्हारीच्या मांडीत नवऱ्याचा चेहरा.

मी गाल पुढं केला. तात्यांनी मारलं नाही.
हसले, इतके की स्टुलावर बसावं लागलं.
मग हात धुतले.
सकाळच्या एसटीनं स्वतः उत्तूरला गेले.
नवरा आदल्या दिवशीच गेला होता, रजा मोडून. तार आली होती.
पुढं तो आलाच नाही.

वर्षभरानं ती बाई स्टुडिओत आली.
तात्या म्हणाले, चांगला नाही गं आलेला तो.
ती म्हणाली, तोच द्या.
पैलवानावर बोट ठेवून बघीन.

पोरीनं दार लावलं. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला.
अंधारात मी नवव्याची पट्टी काढली,
बोटानं कडा चाचपली. फिल्मच्या कोपऱ्यात खाच असते,
ती शोधली. दोनदा.
काही नव्हतं. नुसतं लाकूड, गार.
माझ्यासारखाच कुणीतरी विसराळू.

दिवा लावला. तिला गोष्ट सांगितली, थोडी गाळून.
ती खाली बघत म्हणाली,
"मी मुद्दाम काढते तसे फोटो. एकावर एक."

मी बराच वेळ तिच्याकडं बघितलं.
मग मेणबत्ती तिच्यापुढं सरकवली.
दोन होल्डर राहिले होते.