चार फ्रेम आधी

एरंडोलच्या लग्नाचे तीन कॅमेरे,
आणि तिघांची तीन घड्याळं.
माझ्यात बारा बत्तीस.
कैसर पिंजारीचा कॅमेरा मामाने दुबईहून आणलेला,
तो अजून तिथल्याच वेळेवर, दीड तास मागे.
तिसऱ्याची बॅटरी सकाळी बदलली,
त्याच्या मते आज एक जानेवारी, मध्यरात्र उलटून गेलेली,
आणि मांडवात हे एवढं ऊन.

सुरुवातीला तिघांसमोर एक टाळी वाजवायची असते.
एवढंच.
बॅन्डच्या गाडीखाली वायर अडकली होती,
ती ओढत बसलो आणि विसरलो.

आता अमळनेरला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
इन्व्हर्टर संपायच्या आत जुळवतोय.
ढोलावर जुळवावं, तर ठोके सगळे एका तोंडवळ्याचे.
भटजींच्या ओठांवर जुळवलं,
तर नवरदेवाची शिंक आधी येते
आणि तोंड नंतर उघडतं.

मग सापडला
तिन्ही पट्ट्यांत एकच उंच काटा,
बाभळीचा असतो तसा.
शेवटच्या सावधाननंतर
कुठेतरी परात पडली होती.

काट्यावर काटा ठेवला. शिंक जागेवर आली.
फक्त नवरी चुकत होती.
आवाजाने मान वळायला हवी,
तिची वळते चार फ्रेम आधी.
सेकंदाचे तुकडे पंचवीस, त्यातले चार.
मी पुन्हा जुळवलं. पुन्हा चार.

तिसरा कॅमेरा आम्ही आचाऱ्याकडे लावून ठेवलेला,
वरण-बट्टीच्या धुराचे दोन-तीन शॉट मिळावेत म्हणून.
तो कुणी पाहिलाच नव्हता.
कनातीला लागून इंदूबाई उभ्या आहेत,
नवरीची आई.
(कन्यादान काका-काकूंनी केलं,
त्या म्हणे स्वयंपाकाकडे बघत होत्या.)
हातात बट्ट्यांची परात,
एका बाजूने पंजा, दुसऱ्या बाजूने नुसती मूठ टेकलेली.
पलीकडे गुलाबी तांदूळ उधळून झाले,
लोकांचे हात खाली आले,
तेव्हा ती मूठ परातीखालून निघते
आणि कनातीच्या वर जाऊन उघडते.
परात कलते.
कलताना त्या परातीकडे बघत नाहीत.

सकाळी काकांचा फोन आला:
"भाऊ, तो परातना आवाज काढी टाक. बेकार वाटस."
काढला.
आवाज जुळणीपुरताच लागतो.

माझ्या कॅमेऱ्यात, डाव्या कोपऱ्यात वर,
पाच पांढरे ठिपके होते.
लेन्सवरची धूळ समजून
काल रात्री मी एकेक पुसायला घेतले होते.
आता मोठे करून पाहिले:
दादरचे दाणे, रंग न लावलेले,
आचाऱ्याच्या पोत्यातले असतील.
एक मुंडावळ्यांत अडकतो.

दोन पुसून झाले होते.
ते परत आणले.