निळे दाणे

रात्री सव्वाअकराला तिसोन धावू लागला,
आडवा पडून, पायांखाली जमीन नसताना.
डोळे टक्क उघडे. तोंडाला फेस.
तिसोन म्हणजे आमच्या बोलीत कोलीत:
सगळा काळा, शेपटीचं टोक तेवढं तांबूस,
अजून विझलेलं नाही असं.

शेवटची फेरीबोट आठलाच गेलेली.
आमच्या बेटावर गुरांचा डॉक्टर नाही,
माणसांचाही फक्त मंगळवारी येतो.
फोनवर, कास्त्रोहून, डॉक्टर ओयार्सोबाई. आवाज मधेमधे तुटतो.
"ओकारी काढू नका. दूध नको. तेल तर मुळीच नको.
अंग तापलंय? ओल्या चादरीत गुंडाळा.
काय खाल्लं ते कळलं तर निम्मं काम होईल.
पाकीट मिळालं तर पाकीट आणा.
आणि लवकर या."

लवकर.
बेटावर धड इंजिनाची बोट एकच, बेर्नाबे उयार्तेची.
सप्टेंबरपासून आम्ही एकमेकांना पाण्यात पाहतो,
आणि पाणी इथे चारी बाजूंना.
त्याचं कोकरू, तीन दिवसांचं, माझ्या कुंपणापाशी सापडलं होतं,
आणि तिसोनच्या मिशांना लोकर.
लोकर काय, कुठेही लागते, मी म्हणाले होते
हात कमरेवर ठेवून.

एकचाकी गाड्यात कुत्रा घालून
मी त्याच्या दाराशी गेले.
वाटेत चार वाक्यं जुळवलेली,
एकही लागलं नाही.
त्यानं कंदील खाली धरला, पाहिलं,
मागच्या खोपीत गेला,
बराच वेळ आलाच नाही.
आला तेव्हा पायात बूट होते.

तासभराचं पाणी.
फळीवर तिसोनचे पाय: ठक ठक, ठक ठक ठक,
कुणी आतून दार वाजवावं तसे.
एका हातात सुकाणू,
कुत्र्याचं डोकं आपटू नये म्हणून
बेर्नाबेनं ते दोन्ही गुडघ्यांत धरलेलं.
मी चादरीवर समुद्र ओतत होते, टिनानं, पुन्हा पुन्हा.
मधेच तो म्हणाला,
"मेंढी दोन आठवडे शोधत होती."
"लोकर त्याचीच होती," मी म्हणाले.
इंजिन मोठं होतं. ऐकलं की नाही, माहीत नाही.

ओयार्सोबाई रात्रीच्या झग्यावरच पांढरा कोट चढवून.
टेबल थंड. दिवा फार पांढरा.
"काय खाल्लं?"
"माहीत नाही हो," मी म्हणते आहे,
"खरंच माहीत नाही, संध्याकाळी तर"
आणि बेर्नाबे आतल्या खिशातून
चार घड्या घातलेलं पिवळं पाकीट काढतो,
टेबलाच्या कडेवर ठेवतो,
हाताने सपाट करतो.
"बटाट्यांत गोगलगायी फार झाल्यात,"
तो म्हणतो. कुणालाच नाही, भिंतीला.

घडीतून दोन दाणे निसटून
फरशीवर घरंगळले. निळे.
बाईंनी वर पाहिलं नाही. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली,
सुई भरली, पायावरचे केस कापले, नळी लावली.
त्या कापलेल्या केसांखाली कातडी गुलाबी होती.
नऊ वर्षांत मी ती कधी पाहिली नव्हती.

दाणे बटाट्यांच्या वाफ्यात टाकले होते
की माझ्या कुंपणाशी,
हे मी विचारलं नाही.
ओठांपर्यंत आलं होतं.

पहाटे साडेतीन. बाहेरचा लाकडी बाक.
"सकाळपर्यंत काही सांगता येत नाही," बाई म्हणाल्या,
आणि आकडा सांगितला.
माझ्याकडे त्याचा चौथा हिस्सा होता, तोही सुट्ट्यात.
बेर्नाबेनं पाकीट काढलं. या वेळी पैशांचं.
"तुझ्या कोकराची किंमत किती होती?" मी विचारलं.
"आधी हे होऊ दे," तो म्हणाला,
आणि नोटा मोजू लागला,
अंगठा जिभेला लावायला गेला,
थांबला,
उठून मोरीशी गेला आणि हात धुतले.
खूप वेळ धुतले.

आत तिसोन अजून धावत होता,
पण आता एकाच पायानं,
सावकाश.