दुसरा पाट

मी पाटकरी. पलूसच्या शिवारात
कालव्याचं पाणी कुणाच्या वाफ्यात किती तास,
माझ्या वहीत असतं.
रात्री दारं फुटलं तर आवाजावरून ओळखतो.
घरातलं आठ वर्षं ओळखलं नाही.

वैजयंता वेळेवर जायची, नीट जायची,
आणि बाकावरून उठली की खाली ओला ठिपका.
बाईंनी तिला दाराशी बसवलं, वाऱ्याला.
पोरींनी नाव ठेवलं, ते इथं लिहीत नाही.
बायकोनं तीळगूळ चारला, ओवा चारला,
एकदा चिमटा तापवून नुसता दाखवला.
मी म्हणालो, आळशी आहे.
ती म्हणायची, "मी करत नाही आबा, ते येतं."

मिरजेत मगदूम डॉक्टरीणबाईंनी
शिरेतून औषध सोडलं, थांबून थांबून फोटो काढले.
उजेडावर धरून दाखवू लागल्या:
हे मूत्रपिंड, ही त्याची नळी.
मग बोट थांबलं.
डावीकडं नळ्या दोन होत्या.

एक पिशवीत उतरत होती, रीतसर.
दुसरी वरच्या टोकातून निघालेली, नागमोडी,
पिशवीला बगल देऊन
थेट दाऱ्याच्या खाली.
"पोटात असताना, पहिल्या दोन महिन्यांतच,
एक कोंब फुटायचा तिथं दोन फुटले."

बायकोनं विचारलं,
गिराणात मी विळीवर बसले होते, त्यानं?
बाई म्हणाल्या, नाही.
जिन्यावरून परत जाऊन तिनं पुन्हा विचारलं.

मला समजवावं लागलं नाही.
फळी घट्ट, वर पाणी तुंबलेलं,
तरी खालचं रान ओलं,
म्हणजे आडवाट आहे.
अशा रानाच्या मालकाला
मी कधी आळशी म्हणालो नव्हतो.

दुसरी नळी सोडवून त्यांनी पिशवीत शिवली.
रात्रभर खाटेखालच्या पिशवीत
थेंब पडताना मोजत बसलो,
सवयीनं. किती तास, ते लिहिलं नाही.

बाराव्या दिवशी एसटीत
तिनं नेहमीसारखा खाली पेपर घातला.
तासगावात उठून पाहिलं,
पुन्हा तसाच घालून बसली.
पलूसला पुन्हा पाहिलं.
मी खिडकीबाहेर बघितलं, द्राक्षांच्या तारा मोजल्या.

पेपर ती अजून घालते.
बायको म्हणते, सांगा की तिला आता.
मी कुठल्या तोंडानं सांगू.