भविष्यकाळ नसलेल्या भाषेत

परिपत्रक आलं ऑक्टोबरात,
पहिल्या बर्फाच्या दोन दिवस आधी.
शाश्वत विकास हा वेगळा विषय नाही,
तो सगळ्या विषयांत मुरवावा.
मुरवावा म्हणे,
पिंपात कोबी मुरतो तसा.

शिक्षकांच्या खोलीत कुणी काही बोललं नाही.
सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही,
हे आम्हा तेवीस जणांना तोंडपाठ.
झिनाइदानं किटली लावली.
किटलीची वीज, खोलीची ऊब, निम्म्या गावाचा पगार
एकाच दगडातून येतो इथे.
एस्टोनियनमध्ये त्याचं नावच आहे, जळका दगड.

इतिहासवाली माइमू म्हणाली,
पंचवार्षिक योजना मी शिकवून झाल्यात एकदा.
उज्ज्वल उद्याबद्दल
मला पुन्हा काही विचारू नका.

मी गणित शिकवतो. नववी ब.
माझ्या पुस्तकातली आगगाडी
अ गावाहून ब गावाला जाते.
तीस वर्षं जातेय,
डब्यांत काय आहे कुणी विचारलं नाही.
त्या हिवाळ्यात मी डबे भरले:
अठ्ठावीस डबे, दर डब्यात साठ टन जळका दगड,
शंभरात पंचेचाळीस भाग राख उरते,
तर एकूण राख किती?

सातशे छप्पन्न टन,
रोदिओननं लिहिलं. बरोबर.
खाली, बारीक अक्षरात:
बाबांची पाळी रात्रीची असते.
त्यांना कशात धरायचं, दगडात की राखेत?

मी लाल पेन उघडलं
आणि टोपण परत लावलं.

झिनाइदाच्या तासाला मुलांनी ओढ्याचं पाणी आणलं,
जॅमच्या धुतलेल्या बाटल्यांतून.
लाल लिटमस निळा झाला.
किती सुंदर निळा,
हे तिला म्हणायचं नव्हतं, म्हणून गेली.

आणि आर्व्हो, कवायतीचा मास्तर,
गावामागच्या राखेच्या डोंगरावर मुलांना स्कीइंगला नेतो.
सगळ्या सपाट मुलखात
चढ म्हणावा असा तो एकच,
आज्यांनी रचलेला, बापांनी वाढवलेला.
मी काय मुरवू, त्यानं विचारलं.
पोरं उतारावर पडतात, उठतात,
झटकलं की बर्फ जातं.
खालचं काळं मात्र मोज्यांतून घरी येतं.

हेल्वे भाषा शिकवते.
तिनं फळ्यावर तीनच वाक्यं लिहिली:
उद्या मी जाते.
पुढच्या वर्षी बर्फ पडतं.
शंभर वर्षांनी इथे कुणीतरी राहतं.
एस्टोनियनला भविष्यकाळ नाही, मुलांनो,
क्रियापद आजच्यातच उभं राहतं.
घरी रशियन बोलणाऱ्या ताइसियाला हे कायम खटकतं.
तिच्या आईच्या भाषेत उद्याला वेगळं रूप आहे.
मग पुढच्या पिढ्या राहतात कुठे
तुमच्या व्याकरणात?
हेल्वे खडू हातात धरून
बराच वेळ उभी होती.
मग म्हणाली, आपल्यातच. दाटीवाटीनं.

फेब्रुवारीत तपासनीस आले, रकाने घेऊन.
कुठला विषय, किती तास, काय साध्य.
आम्ही सगळे रकाने भरले.
माइमूनंसुद्धा.

पालकसभेला रोदिओनचे वडील आले,
पाळीवर जाण्याआधी, डबा हातात.
त्यांनी मुलाची वही मागितली,
गणित वाचलं, खालची ओळ वाचली,
अंगठा बराच वेळ तिच्यावर ठेवला.
मला वाटलं, आता भांडतील.
म्हणाले, मास्तर,
डबे एकोणतीस असतात.
शेवटचा धरला नाहीत तुम्ही.
आणि टोपी घालून निघाले,
साडेनवाची बस होती.

सातशे त्र्याऐंशी.
म्हणजे पोराचं उत्तर चुकलं, माझ्यामुळे.
ते मी दुरुस्त केलं, माझ्या नावानं सही करून.
दुसऱ्या प्रश्नासमोर
जागा अजून कोरी आहे.
वही माझ्या टेबलावर, वर किटलीची वाफ.
उद्या मी उत्तर देतो.