टेकड्यांची माती

चित्स्केचा सर्व्हर धुण्याच्या मशीनशेजारी.
कपडे पिळायला लागले की
तीनशे चाळीस माणसांचं बोलणं किंचित थरथरतं,
असं ती म्हणते. मला कधी जाणवलं नाही.
दुसरी किल्ली माझ्याकडे असते,
ती आजारी पडली तर.

विरूमला बांध आहे, बांधापलीकडे समुद्र.
बांध नव्हता तेव्हा
ज्याची त्याची टेकडी होती,
शेणामातीनं पिढ्यान्‌पिढ्या उंचावलेली;
भरती आली की गुरं वर, माणसं वर,
आणि या टेकडीवरून त्या टेकडीला हाका.
मग सगळ्यांचा मिळून एक बांध झाला.
आणि टेकड्या? खणून होड्यांत भरल्या,
सुपीक माती म्हणून विकल्या.
शाळेत हे आम्हाला प्रगतीच्या धड्यात होतं.

मार्चमध्ये तिनं अनुदानाचा अर्ज भरला.
चौदा पानं. ‘यात नवीन काय?’ या चौकटीत
आधी लिहिलं: काही नाही, चालू आहे.
मग खोडलं.
नवं बांधायला पैसे मिळतात.
रात्री तीनला उठून कुणाच्या शिव्या पुसायला,
भरलेली डिस्क रिकामी करायला
कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.
वर्गणी देणारे अकरा.
शिवाय डाउवे कोळंबीवाला,
जो पैसे नाहीत म्हणून दाराशी बादली ठेवून जातो.
गाव करील ते राव काय करील, खरं आहे,
पण गाव जेवायला बसलेलं असतं
आणि राव दारात उभा, हात जोडून.

रावाचं पत्र रॉटरडॅमहून आलं, फार नम्र:
नाव तुमचंच राहील, नियम तुमचेच,
फक्त यंत्र आमचं. फुकट.
होल्वर्डचे गेले. मोड्डरगाटचे गेले.
आता शेजारच्या गावाला मारलेली हाक
आधी रॉटरडॅमला जाते, मग शेजारी.

तिनं मत मागितलं.
तीनशे चाळिसांपैकी नऊ उत्तरं आली,
त्यात दोन ‘बघू’.

इथे सांगून टाकतो:
मी ऑगस्टमध्येच तिकडे खातं उघडलंय.
फोटो पटकन दिसतात.
कॅनडातली बहीणही तिथेच असते.
चित्स्केला बोललो नाही.
किल्ली अजून खिशात आहे,
घरच्या किल्ल्यांत अडकून वाजते.

काल गेलो तर मशीन चालू होतं.
ती जमिनीवर बसून कोळंबी सोलत होती,
एक कान सर्व्हरच्या पंख्याकडे.
‘आवाज बदललाय ना?’ तिनं विचारलं.
मी वाकून ऐकलं.
म्हटलं, बेअरिंग असेल.
ती म्हणाली, बस. सोलायला घे.